विचेन्झातील पंगत

विचेन्झाच्या सुवर्णप्रदर्शनास जाणारे चोविहार पाळणारे जव्हेरी जानेवारीत स्थानिक मित्रांसोबत दुपारीच जेवतात. सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो. गल्लीतली स्वस्त, घरगुती खानावळ, म्हणजे त्रात्तोरिया, रात्रीसाठी बहुधा सातनंतर उघडते. ताटातले मांस दिसते तरी. फसवते ते चीज. पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या जठरातील रेनेट घालून बनते, आणि पेस्तोत बहुधा तेच चीज व लसूणही असते. ताज्या पास्त्यात अनेकदा अंडे असते. वाळवलेली साधी स्पॅगेटी मात्र गव्हाचा रवा व पाणी यांचीच. तीच ऑलिव्ह तेल, ताजे टोमॅटो व बेझिल घालून मागवावी. ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’, लसूण-कांद्याविना, हे वाढप्यास आधीच सांगावे. मित्र आग्रहाने चीज किसू लागलाच, तर ताटावर हात आडवा धरावा. पंगतीतली ही खूण तिथेही कळते.