पायबंद

वर्तमानपत्र उघडले की आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा शब्द भेटतो. महागाईला पायबंद, काळ्या बाजाराला पायबंद, वशिलेबाजीला पायबंद! महागाईचे पाय कुणी पाहिलेले नाहीत. पण शब्द मात्र पायांचाच आहे, आणि पायही घोड्याचे.

शब्द मूळचा फारसी. ‘पाय’ म्हणजे पाऊल आणि ‘बंद’ म्हणजे बांधण्याचे साधन. फारसीतला ‘पाय’ आणि संस्कृतातला ‘पाद’ एकाच कुळातले; ‘बंद’ आणि ‘बंध’ यांचेही नाते तसेच. त्यामुळे हा पाहुणा आपल्याकडे आला तो घरचाच होऊन बसला. लगाम आणि जेरबंद हे त्याचे पागेतले सोबती. जेरबंद म्हणजे घोड्याने मान वर उडवू नये म्हणून पोटाखालच्या पट्ट्यापासून तोंडाच्या साजापर्यंत ओढलेली वादी. आता बिबट्याही जेरबंद होतो आणि दरोडेखोरही!

पागेत घोडे ओळीने उभे असत. पुढची दोरी मेखेला बांधलेली, ती अगाडी. मागच्या पायांची ती पिछाडी. मागचे पाय असे अडकवले की घोड्याला गर्रकन फिरून शेजाऱ्यावर लाथा झाडता येत नाहीत. छावणीत रात्री एक घोडा सुटला तरी सारी ओळ बिथरायची. तेव्हा पायबंद ही शिक्षा नव्हती, व्यवस्था होती.

आपण लगाम आणि पायबंद सरसकट एकाच अर्थाने वापरतो. पागेतल्या मोतद्दाराने मात्र अशी गफलत केली नसती. लगाम चालत्या घोड्याला. तो थांबवतो, तसा वळवतोही. पायबंद उभ्या घोड्याला. घोड्याने नीट जावे म्हणून लगाम. त्याने जाऊच नये म्हणून पायबंद. आणि स्वारीची वेळ झाली की पायबंद आधी सुटायचा. पाय बांधलेल्या घोड्यावर खोगीर चढवून कोण कुठे जाणार?

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचे वडील भेटायला आले. मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. वक्तृत्वाची बक्षिसे मिळवी, स्पर्धांसाठी परगावी जाई. “सर, आता जरा पायबंद घालावा म्हणतो,” ते म्हणाले. मी म्हटले, “लगाम म्हणा हवे तर, आणि तोही तिच्याच हाती द्या.” ते हसले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली तिची जागा रिकामी होती.

गृहस्थ दुष्ट नव्हते. लेकीची फी त्यांनी कधी थकवली नव्हती. तिला कुठे ठेच लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. मुलगी म्हणजे काही घोडा नव्हे, हे मलाही कळते. पण शब्द वापरायचा तर तो पुरता वापरावा. पायबंदाच्या अर्थात रात्रीची गाठ जितकी आहे, तितकीच ती सकाळी सोडणारा हातही आहे. आपण गाठ तेवढी लक्षात ठेवली.

वाचकहो, महागाईला पायबंद घालायचा तर खुशाल घाला. तो सोडला नाही तरी कुणाची तक्रार येणार नाही. घरातल्या माणसासाठी मात्र हा शब्द ओठांवर आला, तर गाठ कोण सोडणार आणि केव्हा, हे आधी ठरवावे.