मतदारसंघाची सीमा आणि आपली नोंद

मतदारसंघाची सीमा निसर्गाने घातलेली नसते. ती कायद्याने आखलेली असते, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने जाणले पाहिजे. वाशिमचेच उदाहरण घ्या. १९७७ साली येथून वसंतराव नाईक लोकसभेवर गेले. १९८० व १९८४ साली काश्मीरचे गुलाम नबी आझाद निवडून आले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु २००८ च्या पुनर्रचनेत वाशिम लोकसभा मतदारसंघच नाहीसा झाला. वाशिम व कारंजा यवतमाळला जोडले गेले, तर रिसोड अकोल्याला. एका जिल्ह्याचे मत असे दोन ठिकाणी विभागले गेले.

आयोगाचा आदेश एकदा निघाला, की संविधानाच्या अनुच्छेद ३२९ मुळे न्यायालयाचे दार जवळजवळ बंद होते. म्हणून हरकत मसुदा प्रसिद्ध होताच, मुदतीत व लेखी नोंदविली पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट राखीव जागांची. त्यांची संख्या जनगणनेतील अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवरून ठरते. धर्मांतरितांना या सूचीत स्थान नव्हते. ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. तरीही कित्येक बांधव जनगणनेत केवळ ‘बौद्ध’ एवढेच सांगून थांबतात. त्यांची भावना आम्ही जाणतो. पण कायदा आकडे मोजतो. धर्म ‘बौद्ध’ म्हणून अभिमानाने सांगा आणि अनुसूचित जातीची नोंदही अवश्य करवून घ्या. जात मनातून टाकली तरी तिने केलेले नुकसान अद्याप भरून निघालेले नाही. ते भरून निघेपर्यंत ही नोंद सोडणे म्हणजे आपला हक्क आपल्याच हाताने सोडणे होय.