राबवायचं प्रदेशांनी, ठरवायचं राजधान्यांनी

१७ जून २०२४ रोजी लक्झेंबर्गमध्ये युरोपीय संघाच्या पर्यावरणमंत्र्यांची बैठक भरली होती. विषय होता निसर्ग पुनर्स्थापना कायदा. संघातल्या किमान वीस टक्के जमिनीवर आणि समुद्रात २०३०पर्यंत निसर्ग सावरण्याचं काम झालं पाहिजे, असं हा कायदा सांगतो. अध्यक्षस्थानी होते ब्रसेल्स राजधानी प्रदेशाच्या सरकारातले पर्यावरणमंत्री आलँ मारों. संघाचं फिरतं अध्यक्षपद तेव्हा बेल्जियमकडे होतं आणि बेल्जियममध्ये पर्यावरण हा केंद्राचा नव्हे, प्रदेशांचा विषय आहे. मतदान झालं, कायदा मंजूर झाला, पण ज्या देशाकडे अध्यक्षपद होतं तो बेल्जियम तटस्थ राहिला. फ्लांडर्सचा कायद्याला विरोध होता, आणि प्रदेशांचं एकमत झालं नाही की बेल्जियम मत देत नाही, अशी तिथली रीत आहे.

त्याच मतदानात ऑस्ट्रियाच्या मंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं. ऑस्ट्रियाच्या नऊही प्रांतांनी आधी एकमुखाने विरोध कळवला होता. नंतर व्हिएन्ना आणि कॅरिंथिया यांनी सूर बदलला, आणि आता आपण त्या विरोधाला बांधील नाही, असं गेवेस्लर यांनी ठरवलं. मंजुरीला संघाच्या पासष्ट टक्के लोकसंख्येचा पाठिंबा लागतो. तो जेमतेम सहासष्ट टक्के भरला. ऑस्ट्रियाचं मत नसतं तर कायदा पडला असता. म्हणजे एका खंडाच्या कायद्याचं भवितव्य दोन प्रांतांच्या मतबदलाने ठरलं. कायदा झाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रदेशांचा प्रभाव असा शेवटच्या क्षणी, एखाद्या अपघातासारखा उमटावा, हे मला धोक्याचं वाटतं.

मी मूळचा देवगडचा. गेली बरीच वर्षं बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनिया प्रदेशात, नामूर शहरात राहतो आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत आमच्याकडे शेतांतल्या मातीचे नमुने येतात. नांगरटीच्या जमिनीतून नव्वद सेंटिमीटर खोलवरची माती काढतात, तीस-तीस सेंटिमीटरच्या तीन थरांत. हिवाळ्याच्या पावसाने किती नायट्रेट खाली झिरपून विहिरींत आणि ओढ्यांत जाईल, हे त्यावरून कळतं. आकडा जास्त आला तर शेतकऱ्यामागे तपासणीचा ससेमिरा लागतो. यामागचा मूळ निर्देश १९९१ सालचा, युरोपीय संघाचा. तो राबवण्याचे नियम वालोनियाचं नामूरमधलं सरकार करतं. शेण-मूत कधी पसरायचं, किती पसरायचं, कुठल्या महिन्यात बंद, हे सगळं त्यात आलं. २००५ साली संघाच्या न्यायालयाने नायट्रेटच्या प्रकरणात ठपका ठेवला तो बेल्जियमवर. न्यायालयाच्या लेखी वालोनिया किंवा फ्लांडर्स नावाचा पक्षकारच नसतो.

माझं म्हणणं या साध्या विसंगतीतून आलं आहे. युरोपात सत्तरहून अधिक प्रदेशांना स्वतःच्या विधानसभा आणि कायदे करण्याचा हक्क आहे. शेती, पाणी, शाळा, जंगल यांबाबत ब्रसेल्समध्ये ठरलेलं प्रत्यक्षात आणायचं ते त्यांनी. ठरवताना मात्र त्यांना बोलायचं असेल तर आपापल्या राजधानीच्या तोंडून. काहींची राजधानी ऐकते, काहींची ऐकत नाही. ज्यांचं ऐकलं जातं त्यांनी इतरांसाठी आपली जागा वापरली नाही, तर प्रदेशांचा युरोपातला आवाज असाच तुटक आणि उशिराचा राहील.

वालोनियाचंच पाहा. म्यूज आणि सांब्र या नद्यांच्या संगमावर, किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या इमारतीत इथली विधानसभा भरते. एरवी तिच्याकडे बाहेरच्या देशांतल्या वार्ताहरांचं लक्षही नसतं. १४ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातल्या व्यापार कराराला, म्हणजे सेटाला, नकार दिला आणि गावात कॅमेऱ्यांची रांग लागली. तेव्हा संघात अठ्ठावीस देश आणि पन्नास कोटी लोक होते. वालोनियाची लोकसंख्या पस्तीस-छत्तीस लाख. २१ ऑक्टोबरला कॅनडाच्या व्यापारमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड वाटाघाटी सोडून निघाल्या तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता. मूठभरांनी खंडाला वेठीस धरलं, अशी ओरड सगळीकडे झाली.

ती ओरड मला अन्यायाची वाटली, आजही वाटते. वालोनियाच्या विधानसभेने आपले आक्षेप त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ठराव करून मांडले होते. परदेशी गुंतवणूकदारांना सरकारवर दावा ठोकण्यासाठी वेगळं न्यायपीठ कशाला, आणि इथल्या शेतकऱ्याला संरक्षण काय, हे त्यातले कळीचे प्रश्न. कॉन्द्रोझच्या टेकड्यांवर गाई पाळणारी आमच्या ओळखीची एक बाई तेव्हा म्हणाली होती, ‘एप्रिलमध्ये विचारलं तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही, ऑक्टोबरमध्ये नाही म्हटलं तर आम्ही आडमुठे.’ मुख्यमंत्री पॉल मान्येत शेवटपर्यंत ठाम राहिले. करारासोबत स्पष्टीकरणाचा दस्तऐवज जोडला गेला, गुंतवणूकदारांच्या न्यायपीठाची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचं बेल्जियमने कबूल केलं, आणि ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. न्यायालयाने २०१९मध्ये ते न्यायपीठ वैध ठरवलं. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर मिळालं, एवढं तरी साधलं.

पण पुढे काय झालं? मे २०१७मध्ये सिंगापूर करारावर मत देताना न्यायालयाने स्पष्ट केलं, की निव्वळ व्यापाराचा भाग संघ एकट्याच्या अधिकारात करू शकतो. गुंतवणुकीचे वाद सोडवण्याच्या तरतुदींना मात्र सदस्य देशांची संमती लागते. तेव्हापासून ब्रसेल्सने गुंतवणुकीचा करार वेगळा काढायला सुरुवात केली. व्यापाराचा करार आता राष्ट्रीय संसदांकडेही जात नाही आणि नामूरकडेही येत नाही. एकट्याने अडवून धरण्याचं वालोनियाचं हत्यार एकदा चाललं आणि बोथट झालं. एप्रिलमध्ये तिच्यासोबत आणखी कोण उभं होतं? ब्रसेल्स प्रदेशाला शंका होत्या. ऑस्ट्रियाच्या प्रांतांनीही आपल्या केंद्र सरकारकडे आक्षेप नोंदवले होते. प्रत्येक जण आपापल्या राजधानीशी भांडत होता. या सगळ्यांनी त्या वसंतातच एक मसुदा करून तो युरोपीय आयोगासमोर ठेवला असता, तर त्याला मूठभरांचा हट्ट म्हणणं कोणालाही जड गेलं असतं.

ज्यांची राजधानी मुळात वेगळ्या भाषेत बोलते, त्यांची गोष्ट आणखी बिकट. स्टॉकहोमहून फिनलंडच्या तुर्कूकडे जाणारी रात्रीची बोट मध्येच ऑलंड बेटांवर थांबते. मी त्या बोटीने गेलो आहे. बहुतेक प्रवासी झोपलेले असतात, धक्क्यावर चार-दोन मालमोटारी चढतात-उतरतात, बोट पुन्हा निघते. या थांब्यावर बोटीचं अर्थकारण उभं आहे. स्वीडिश बोलणारी ही बेटं फिनलंडमध्ये आहेत. त्यांची स्वायत्तता १९२१ साली राष्ट्रसंघाच्या निर्णयाने पक्की झाली. वस्ती तीस हजारांच्या आसपास. १९९५मध्ये फिनलंडसोबत संघात जाताना ऑलंडने वेगळं सार्वमत घेतलं आणि स्वतःसाठी वेगळा करारनामा मिळवला. त्यामुळे ही बेटं संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत आणि तिथे थांबणाऱ्या बोटीवर करमुक्त विक्री चालते. वेळेवर, वाटाघाटी चालू असताना बोललं तर एवढासा प्रदेशही काय मिळवतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि संघात गेल्यावर? वसंतात आयडर बदकांची शिकार ही तिथली जुनी चाल. पक्षीसंरक्षणाच्या निर्देशाखाली २००५मध्ये न्यायालयाने ती अवैध ठरवली. पुढच्या वर्षी ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवरून, स्नूसवरून, दुसरा निकाल आला. दोन्ही वेळा आरोपी फिनलंड होता. कायदा ऑलंडच्या विधानसभेच्या अधिकारातला, पण बाजू मांडायला उभे राहिले हेलसिंकीचे वकील. बदकं वाचली हे बरंच झालं. माझी तक्रार निकालाबद्दल नाही. ज्याने कायदा केला त्याला न्यायालयात स्वतःच्या नावाने उभंच राहता येत नाही, ही व्यवस्था चुकीची आहे. युरोपीय संसदेत आपला एक सदस्य असावा, ही ऑलंडची मागणीही वर्षानुवर्षं पडून आहे. पाच लाख वस्तीच्या माल्टाला सहा जागा आहेत, कारण माल्टा देश आहे.

प्रदेशांनी एकत्र येण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८८मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग, लोम्बार्डी, कॅटलोनिया आणि रोन-आल्प यांनी हात मिळवले, पण तो मुख्यतः उद्योग-संशोधनाचा मेळ होता. खरी राजकीय उठावणी मे २००१मधली. बव्हेरिया, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, साल्झबर्ग, कॅटलोनिया, स्कॉटलंड, फ्लांडर्स आणि वालोनिया या सात प्रदेशांनी मिळून जाहीरनामा काढला: आम्ही कायदे करतो, तर युरोपच्या रचनेत आम्हाला स्वतःचं स्थान द्या, आणि आमच्या अधिकारांवर गदा आली तर थेट न्यायालयात जाऊ द्या. कायदे करणाऱ्या प्रदेशांची परिषदही त्याच काळात भरू लागली. संघाच्या लिस्बन करारात प्रादेशिक स्वराज्याचा उल्लेख आला, आणि न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला तो प्रादेशिक समितीला. या समितीत ३२९ सदस्य आहेत आणि छोट्या गावाचा महापौर व कोट्यवधी लोकांच्या प्रांताचा मंत्री तिथे शेजारी बसतात. महापौरांबद्दल मला आदर आहे, पण दोघांच्या गरजा एक नाहीत, आणि समितीचं काम सल्ला देण्यापुरतं.

मग कायदे करणाऱ्या प्रदेशांची ती परिषद थंडावली. का? माझ्या मते बलदंडांना तिची गरज उरली नाही. जर्मन राज्यांना बुंडेसराट हे राज्यांचं सभागृह आहे, युरोपच्या कारभारात त्यांना वाटा देणारं राज्यघटनेचं तेविसावं कलम आहे. बव्हेरियाने ब्रसेल्समध्ये, थेट युरोपीय संसदेच्या शेजारी, जुन्या पाश्चर संस्थेच्या देखण्या वास्तूत आपलं कार्यालय थाटलं आहे. फ्लांडर्सचा मंत्री मासेमारीच्या बैठकीत बेल्जियमच्या खुर्चीवर स्वतः बसतो. ज्यांना घरातून वाट मिळाली ते त्या वाटेने गेले. स्कॉटलंडमध्ये बासष्ट टक्के लोकांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं, तरी ब्रिटनसोबत त्यालाही बाहेर पडावं लागलं. ऑक्टोबर २०१७मध्ये कॅटलोनियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं, त्यानंतर प्रदेशांच्या कुठल्याही एकजुटीकडे राजधान्या फुटीरपणाच्या संशयाने पाहू लागल्या. हा संशय अनाठायी आहे. ऑलंडला किंवा साल्झबर्गला देश सोडायचा नाही, कायद्याचा मसुदा वेळेत वाचायचा आहे.

सत्तावीस देशांचंच जमत नाही, त्यात सत्तर प्रदेश कशाला, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. प्रत्येकाला नकाराधिकार दिला तर संघ चालणार नाही, हे मान्य. म्हणून मला नकाराधिकार नको आहे, आधीचा अवकाश हवा आहे. आज आयोगाचा मसुदा आला की राष्ट्रीय संसदांना हरकत घ्यायला आठ आठवडे मिळतात. त्यात एखाद्या प्रादेशिक विधानसभेला मत बनवायचं, ते राजधानीला पटवायचं आणि बाहेरच्यांशी जुळवायचं, हे सगळं बसत नाही. या मुदतीत प्रदेशांचं संयुक्त मत स्वतंत्रपणे नोंदवलं जावं आणि आयोगाला त्याचं लेखी उत्तर देणं बंधनकारक असावं. कायदे करणाऱ्या विधानसभांना न्यायालयात स्वतः उभं राहता यावं. आणि संघाचा मूळ करार बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. बव्हेरिया आणि फ्लांडर्स यांनी आपल्याला आधी मिळणारे मसुदे ऑलंडला, पोर्तुगालच्या अझोर्सला, वालोनियाला उद्यापासून द्यायला हरकत काय?

हे सगळं मी मराठी वाचकाला का सांगतो आहे? १ मे २०१४पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला. सोबत वांगी, अळू, कारली, पडवळ हेही. कारण होतं मालात सापडलेली फळमाशी. देवगड-रत्नागिरीला बातमी कळली ती निर्णय झाल्यावर, ऐन हंगामात. पुढच्या हंगामाआधी आंब्यावरची बंदी उठली, कारण भारताने तपासणीची व्यवस्था सुधारली. ती आधीच सुधारता आली असती. भारतात शेती राज्यांचा विषय आहे आणि परदेशी करार केंद्राचा. २०२२मध्ये भारत आणि युरोपीय संघाने वाटाघाटी पुन्हा सुरू केल्या तेव्हा व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकनं असे तीन वेगळे करार ठरले. वर सांगितलेल्या न्यायालयीन मतानंतरची ती नवी रीत. म्हणजे तिकडे नामूरची विधानसभा बाजूला राहते, इकडे राज्यांच्या विधानसभा. आंबा पिकवणाऱ्या महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि कर्नाटक यांनी फळमाशीबद्दल, औषधांच्या अवशेषांबद्दल, मानांकनांबद्दल एक संयुक्त टिपण करून दिल्लीला द्यावं, आणि मसुदा पक्का व्हायच्या आधी द्यावं. तुमच्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी एवढंच विचारा, की असं टिपण तयार आहे का.