पळ म्हणण्याअगोदर



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते असले विषय घेऊन येतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गेली चार वर्षे कालव्याच्या भरावावरून पहाटे पळणारी आमची टोळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. सुरुवातीला लोक विचारत, "साहेब, कुणी पाठीमागं लागलंय का?" आता तेच लोक विचारतात, "आज एक गडी कमी दिसतोय, कुठं गेला?" हा दुसरा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. तो आम्हाला उशिरा सुचला, आणि त्या उशिराची किंमत आमच्या एका सोबत्याने भरली. म्हणून हे लिहिणे.

आम्ही पळायला लागलो ते काही हौसेने नव्हे. नोकरी साखर कारखान्यातली, आणि पंचेचाळिशीत साखर निघाली ती रक्तात. डॉक्टरांनी औषध दिले आणि रोज चालायला सांगितले. दिवसभर शिवार फिरणारा माणूस स्वतःला कष्टाळू समजतो. खरे पाहता कष्ट होतात ते त्याच्या मोटारसायकलचे. पहिल्या आठवड्यात आम्ही, आमच्या गट ऑफिसचे एक चीटबॉय आणि बॉयलर विभागातले एक फिटर असे तिघे होतो. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचे, पुढचे दोन खांब चालायचे, असा क्रम. पहिल्या दिवशी तिसऱ्या खांबाला आम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहिलो. चीटबॉय वयाने निम्मे, ते मागे वळून म्हणाले, "साहेब, थांबा निवांत. खांब कुठं पळून जात न्हाई." त्या एका वाक्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आज टोळीत अठरा जण आहेत. दोन शिक्षक आहेत, एक किराणा दुकानदार आहेत, तीन सभासद भगिनी आहेत, बाकी शेतकरी आणि कामगार. यात शर्यत जिंकणारा एकही नाही. सगळे हौशी. तरी पण दर पावसाळ्यात साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनला जायचे हे ठरलेले. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने परत उतरायचे, एकंदर २१ किलोमीटर. धुके, पाऊस, वाऱ्याचा गारवा, आणि रस्त्याच्या कडेला "चला, चला, आलंच आता" म्हणणारी अनोळखी माणसे. एकदा जाऊन आलेला माणूस वर्षभर त्याचेच बोलतो.

पळणे हे तसे एकट्याचे काम. पाय आपले, दम आपला. पण पहाटे साडेपाचला अंथरूण सोडण्याचे काम एकट्याच्याने होत नाही, हा आमचा चार वर्षांचा अनुभव. पुलावर कोणी तरी वाट बघत उभे असणार, ही लाज माणसाला उठवते. पळताना गप्पा चालतात, आणि त्या गप्पांचाही उपयोग आहे. बोलता बोलता पळता आले तर वेग योग्य. बोलताना धाप लागली तर वेग जास्त. नवख्या माणसाला याहून सोपे मोजमाप नाही. आठवड्यातले बहुतेक पळणे असेच बोलत, सावकाश व्हायला पाहिजे. घड्याळ लावून रोज जीव खाऊन पळणारे लवकर दुखणे ओढवून घेतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या टोळीत एक सभासद आहेत, वय बावन्न. त्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. माणूस अतिशय जिद्दी. गेल्या वर्षी साताऱ्याच्या शर्यतीला महिना राहिला असताना त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. ते दोन-तीनदा म्हणाले, "औंदा नको वाटतंय." आम्ही काय केले? सगळ्यांनी मिळून त्यांना चढवले. "आण्णा, आता सोडायचं नाही." "आण्णा, तुमच्याशिवाय टोळी कसली?" त्यात सर्वांत मोठा आवाज आमचा होता, हे येथे लिहून ठेवतो. पट्टी बांधून आण्णा आले. घाट चढले. चढताना पायाला फारसे कळले नाही. उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आपटतो; मांडीचे स्नायू दमलेले असले की तो भार आणखी वाढतो. परतीच्या घाटात आण्णा रस्त्याच्या कडेला बसले ते बसलेच. शर्यतीच्या रुग्णवाहिकेतून त्यांना खाली आणावे लागले.

इथपर्यंत दैव म्हणता येईल. पुढचे दैव नव्हते. आण्णांची आडसाली लागण नुकती उगवून वर आली होती. खताचा दुसरा हप्ता आणि बाळबांधणी तोंडावर होती. त्यांना वाफशावर उभे राहता येईना. दुप्पट मजुरी देऊन त्यांनी काम उरकून घेतले. आणि आम्ही? आम्ही रोज पळत होतो. मोबाईलवर "लवकर बरे व्हा" असे लिहून हात जोडल्याचे चित्र पाठवले होते. तीन आठवडे त्यांच्या घरी आमच्यापैकी कोणी गेले नाही.

शेवटी नांग्या भरल्या की नाहीत ते पाहण्याच्या सरकारी कामाने आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. वहिनींनी चहा दिला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावजी, पळताना समदे हुते. बसल्यावर कुनीच न्हाई." आम्हाला उत्तर सुचले नाही. आण्णा मान खाली घालून पायाला तेल चोळत होते. ते रागावले नव्हते, आणि त्याचेच जास्त वाईट वाटले.

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की, 'पळ, पळ' म्हणणे म्हणजे धीर देणे नव्हे. ते तर रस्त्यावरचा अनोळखी माणूसही म्हणतो. धीर देणारा तो, जो आपल्याला पळता येत नाही त्या दिवशी दारात येऊन बसतो.

मग आम्ही पाळी लावली. रोज एकाने आण्णांच्या वस्तीवर जायचे. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी मांडीला आणि कमरेला बळ येण्याचे व्यायाम दिले होते. ते एकट्याने करायला माणूस कंटाळतो, म्हणून आम्हीही शेजारी सतरंजी टाकून करू लागलो. दीड महिन्याने चालणे सुरू झाले. सोबत असलेल्याने त्यांच्याच वेगाने चालायचे, पुढे जायचे नाही, घड्याळ बघायचे नाही. पाचव्या महिन्यात आण्णा दोन खांबांमधले अंतर पळाले. यंदा साताऱ्याला ते आले, पण पळाले नाहीत. वळणावर उभे राहून पाणी देत होते. आम्ही दमून पोहोचलो तेव्हा त्यांनी पेला हातात दिला आणि विचारले, "गुडघा कसाय, साहेब? दुखत असंल तर बसा इथं माझ्याजवळ." त्या प्रश्नात टोमणा होता की माया होती, आम्ही अजून ठरवू शकलो नाही. बहुधा दोन्ही असावे.

आमच्या टोळीतल्या एका इंजिनिअर मुलाने आम्हाला दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनची माहिती दिली. ती सांगण्याजोगी आहे, कारण तो मुलूख आपल्यासारखाच उसाचा आहे. नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर नेले होते, हे आपण ऐकले असेल. त्या प्रांतातल्या डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये ही सुमारे ८८ किलोमीटरची शर्यत होते. व्हिक क्लॅपहॅम नावाच्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरने पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू केली. त्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोहोचले. आता हजारो पळतात, आपल्याकडूनही पुष्कळ जण जातात.

तिथे एक पद्धत आहे, तिला 'बस' म्हणतात. एक अनुभवी पळणारा वेळेची पाटी किंवा झेंडा घेऊन निघतो, तो बसचा ड्रायव्हर. त्याच्या मागे अनोळखी माणसांचा जथा. कुठे पळायचे, कुठल्या चढावर चालायचे, हे तो ओरडून सांगतो. मागचे गाणी म्हणत जातात. ड्रायव्हर ताकदीचा असतो, पण ती ताकद तो पुढे जाण्यात खर्च करीत नाही, मागच्यांना ठरलेल्या वेळेत पोहोचवण्यात खर्च करतो. आणि वेळेला तिथे माफी नाही. बारा तास झाले की बंदूक वाजते; रेषेपासून एक पाऊल मागे असलेलाही बाद. बंदूक उडवणारा पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. सोबत असली म्हणून नियम ढिला होत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

त्याच शर्यतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्त्रियांना आणि काळ्या माणसांना तिथे १९७५ पर्यंत अधिकृत प्रवेशच नव्हता. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईंचा अर्ज नाकारला. त्या तरीही पळाल्या आणि शर्यत पूर्ण केली. नियमाने त्यांना पदक मिळेना, तेव्हा सोबतच्या पळणाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी मिळून त्यांना चांदीची भेट दिली. म्हणजे समितीला जे कळायला पन्नास वर्षे लागली, ते रस्त्यावरच्या माणसांना त्याच दिवशी कळले. आमच्या टोळीतल्या तीन भगिनींनाही पहिले वर्षभर गावाने कमी बोलले नाही. त्यांच्या सोबतीला आज आम्ही आहोत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण पहिली हिंमत त्यांची त्यांनीच केली.

काही सभासद म्हणतात, "दिवसभर रानात राबायचं आणि वर पहाटे पळायचं, हा कसला उद्योग?" हा आक्षेप खरा आहे. ज्याने आठ तास खुरपे धरले, पाटाने पाणी पाजले, त्याला आम्ही पळायला सांगणार नाही. पण खुर्चीवर बसणारे, दुचाकीवर फिरणारे आणि मजुरावर शेती करणारे आपल्यात आता थोडे नाहीत. ही गोष्ट त्यांच्यासाठी आहे, आणि त्यात आम्ही पहिले.

अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, टोळीचा वेग सर्वांत हळू माणसावर ठरवावा. जोरात पळायचे त्यांनी पुढे जाऊन परत वळून मागच्याला येऊन मिळावे. दुसरी, ज्या दुखण्याने पाऊल वाकडे पडू लागते, त्या दुखण्यावर पळू नये आणि कोणाला पळू देऊ नये. छातीत दाब येणे, हाताला किंवा जबड्याला कळ जाणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. तेथे जिद्द दाखवू नये. तिसरी, मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून पळावे, आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी; साखर आपल्याच कारखान्याची असली तर उत्तम. चौथी, गाळप हंगामात अंधारात रस्त्यावर पळू नये. पळावेच लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, अंगात चमकणारी पट्टी घालून पळावे. आणि ट्रॅक्टरवाल्या बांधवांनी ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावावेत, ही विनंती आम्ही दर हंगामात करतो, तशीच पुन्हा करतो.

लागण झाल्यावर महिन्याभरात आपण सरीतून फिरतो, ते उगवलेले कोंब मोजायला नव्हे. कुठे नांगी पडली ते बघायला. वेळेत रोप लावले तर ते बाकीच्या उसाबरोबर येते. उशीर झाला की ते सावलीत दबते. आण्णांच्या बाबतीत आम्ही तीन आठवडे उशीर केला. त्यांच्या जिद्दीने ते पुन्हा वर आले, यात आमची फुशारकी काही नाही.

पहाटे साडेपाचला आम्ही कालव्याच्या पुलावर असतो. ज्यांना यायचे त्यांनी साध्या कापडी बुटांनिशी यावे, सोबत आम्ही देऊ. आणि ज्यांना यायचे नाही, त्यांनी एवढे करावे: एखाद्या दिवशी टोळीत एक जण कमी दिसला, तर आम्हाला हटकून विचारावे, "तो कुठं आहे? त्याच्या घरी गेला होता का?"

उत्तर देता आले नाही, तर आम्हाला तिथूनच मागे फिरवावे.