यंत्र आधी की परिचारिका?

प्रसूतीच्या वेळी रक्तपुरवठा खंडित झाल्यास अर्भकाच्या मेंदूस होणारी इजा सारी तत्क्षणी होत नाही. पुढील काही तासांत ती वाढत जाते. यास्तव जन्मानंतर सहा तासांच्या आत बालकाचे तापमान ३३.५ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तेथेच राखतात. श्रीमंत देशांत याने मृत्यू व अपंगत्व दोन्ही घटले. साहजिकच आपल्याकडेही यंत्रे हवीशी वाटू लागली. परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बालकांवर केलेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, ते विपरीत निघाले : शीतोपचार मिळालेल्यांपैकी ४२ टक्के बालके दगावली, न मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. आणि ही रुग्णालये काही आडगावची नव्हती! इजा प्रसूतीच्या बरीच आधी, रेंगाळत झाली असावी, असे एक मत आहे. ते खरे असेल तर यंत्र सुरू होईतो वेळ टळलेली असते. आम्हां अर्थशास्त्राच्या लोकांना यंत्राची किंमत चटकन मांडता येते. रात्रपाळीस परिचारिका अपुऱ्या असण्याची किंमत मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. जिल्हा रुग्णालयाने आधी मागावीत ती गर्भाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजणारी माणसे, आणि रात्रीही हजर असणारा भूलतज्ज्ञ.