लेकराचा विश्वास

‘लेकरासारखी श्रद्धा’ म्हटले की आपल्याला भोळेपणा आठवतो; जणू प्रश्न विचारणाऱ्यांना तेथे मज्जावच! पण घरातले चार वर्षांचे पोर पाहा. दिवसभर ‘का?’ म्हणून पिच्छा पुरवते, आईवर रुसते आणि रडायला पुन्हा तिच्याच कुशीत शिरते.

मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य मुलांना दटावतात, तेव्हा येशू रागावतो आणि मुलांना कवेत घेतो. देवाचे राज्य अशांचेच, असे सांगतो. पुढे मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो स्वतःच लेकरू होतो. देवाला ‘अब्बा’ म्हणतो. अरामी भाषेत घरात वडिलांना मारायची ती हाक. हे दुःख टळावे, असे तो स्पष्ट मागतो. पण बापाचा हात सोडत नाही.

वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मला हीच खूण पटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ताला ‘आई’ मानले. विठाई माउलीच्या मुलखातच ते घडावे! लक्ष्मीबाईंनी मात्र पतीच्या शब्दाखातर मान तुकवली नाही. रडल्या, भांडल्या, सोवळे जपले. जाती देवाने केल्या की माणसाने, याचे उत्तर स्वतः शोधले आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ही श्रद्धा भोळी कशी म्हणावी?

तेव्हा मंडळी, यंदा पणत्या लावताना घरातले पोर ‘देव कुठे असतो?’ म्हणून विचारील, तर त्याला गप्प बसवू नका. ते विश्वासाच्या वाटेवरच आहे.