कोड्याची गोडी

कोडी घालण्याचा आणि सोडविण्याचा छंद मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. आपल्याकडे रात्रीची जेवणे आटोपली, की आजी नातवंडांना भोवती जमवून कोडे घालीत असे. सर्वांना कोडे एकच. कोणालाच उत्तर आले नाही, तर ती हसून म्हणे, ''आता निजा. उद्या सांगेन.'' मग उत्तराची हुरहुर मनात घेऊन मुले अंथरुणावर पडत आणि सकाळी उठताच आजीला गाठीत.

छापील शब्दकोडे त्या मानाने अलीकडचे. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी चौकटींचे शब्दकोडे प्रसिद्ध केले आणि पुढे ही प्रथा जगभर पसरली. आता कोडी संगणकावर आणि मोबाइलवरही आली आहेत. त्यांपैकी 'वर्डल' या कोड्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल नावाच्या संगणक-अभियंत्याने शब्दखेळांची आवड असलेल्या आपल्या जोडीदारासाठी हे कोडे रचले. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा, एवढाच नियम. अक्षर योग्य जागी पडले तर चौकट हिरवी होते, शब्दात असून जागा चुकली तर पिवळी आणि शब्दात नसेलच तर करडी. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कोडे अवघ्या ९० जणांनी सोडविले होते. दोनच महिन्यांनी ही संख्या तीन लाखांच्या घरात गेली! जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यू यॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने ते सात आकडी रक्कम देऊन विकत घेतले.

इतक्या साध्या खेळात लोकांना एवढे काय सापडले? त्यासाठी पैसे पडत नव्हते, हे तर खरेच. परंतु विनामूल्य खेळ इतरही पुष्कळ आहेत. माझ्या मते, या कोड्याची खरी गोडी त्याच्या मर्यादेत आहे. दिवसाला कोडे एकच. ते संपले, की दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावयाची. पडद्यावरील कित्येक खेळ आपल्याला उठू देत नाहीत. 'आणखी एक डाव' म्हणता म्हणता संध्याकाळ सरते आणि अभ्यास तसाच राहतो. हे कोडे मात्र चार घटका बुद्धीला चालना देते आणि आपण होऊन आपल्याला मोकळे करते. पक्वान्न पोटभर वाढले तर त्याचा वीट येतो. प्रसाद चिमूटभरच मिळतो, म्हणून तो गोड लागतो.

दुसरे असे, की त्या दिवशीचे कोडे सर्वांना एकच असते. आजीच्या कोड्याचेही तसेच होते. त्यामुळे दूरदेशीचा भाऊ आणि घरची बहीण यांना बोलावयास एक विषय मिळतो. अक्षरे न दाखविता नुसत्या रंगीत चौकटी एकमेकांना पाठविता येतात. आपला पराक्रमही सांगता येतो आणि दुसऱ्याची मौजही हिरावली जात नाही!

कोणी म्हणेल, हा वेळेचा अपव्यय आहे. अशा कोड्याने मनुष्य पंडित होत नाही, हे मलाही मान्य आहे. शब्दाचा अर्थ समजण्यासाठी शेवटी पुस्तकच उघडावे लागते. परंतु एक गोष्ट हे कोडे उत्तम शिकविते. येथे चुकलेला शब्दही फुकट जात नाही. सर्व चौकटी करड्या झाल्या, तरी पाच अक्षरे वगळावयाची हे कळतेच. चुकीकडे पाहून पुढचे पाऊल टाकावयाची ही सवय गणितात आणि व्यवहारातही उपयोगी पडते.

मात्र यासाठी मनाचा प्रामाणिकपणा हवा. उत्तर दुसरीकडे शोधून लिहिले, तर पकडणारा कोणी नसतो. चौकटी हिरव्या होतात, पण आनंद होत नाही; कारण फसविले ते स्वतःलाच. त्यापेक्षा सहाही प्रयत्न हुकलेले काय वाईट? कोडे सुटले नाही, तर हसून उठावे आणि आपल्या कामाला लागावे. उद्याचे कोडे उद्या आहेच.